पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही

आण्णा, तुम्ही गेल्यापासून मी रडले नाही. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, आधी राग संपू दे, मग रडते. परवा तुमचा तेरावा झाला, माणसं जेवून पांगली, मंडपवाला खांब उपसून घेऊन गेला, आणि राग आहे तिथंच आहे. म्हणून लिहायला बसले. तोंडानं बोललेलं कुणी ऐकत नाही, लिहून द्यावं, हे तुमचंच. आणि शुद्ध लिहावं, म्हणजे साहेबाला हसायला जागा राहत नाही. तेवढा प्रयत्न करते. मध्येच जीभ घसरली तर लाल शाईनं गोल करू नका.

भेटायला आलेली माणसं मला विचारत होती, आण्णा तुझे कोण? भावकी नाही, सोयरीक नाही. मी सांगितलं, माझ्या हातात जे काय आहे ते त्यांनी घातलंय. उंब्रजला हायवेच्या कडेला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटर माझ्याकडं येते, मी आतली जळकी तार उपसते, नवी भरते, वार्निश देते, आणि ती परत पाणी ओढायला लागते. "बाई हाय व्हय दुकानात? मालक कवा येणार?" असं विचारणारे अजून येतात. "मालकच बोलतीय," हे उत्तर तुम्ही पढवलेलं.

आठवतं का, मी पहिल्यांदा केंद्रात आले ते? रहिमतपूरहून लग्न होऊन आलेली, नवरा फौजेत, सासू म्हणत होती शिवणकाम शीक. ग्रामपंचायतीच्या दोन जुन्या खोल्यांत तुमचं केंद्र. जिल्ह्याच्या निधीवर चालायचं, सहा महिने शिकायचं, फी नाही. मी दारात उभी राहून विचारलं, शिवणाचा वर्ग इथंच का? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "शिवणयंत्रं वाटून वाटून सरकार दमलं. ह्या तालुक्यात कापडं फाटत्यात त्यापेक्षा मोटरी जास्त जळत्यात. आत ये." मी आत आले. बाहेर यायचं राहूनच गेलं.

तुमचा पहिला धडा, काढायच्या आधी लिहून घे. जुन्या कॉइलचे वेढे मोजायचे, तारेची जाडी बघायची, वहीत लिहायचं, मगच कापायचं. मी एकदा घाईत न मोजताच कापली. अंदाजानं नवी भरली आणि मोटर चालू केल्या केल्या धूर सोडून बसली. तुम्ही ओरडला नाहीत. ती जळालेली तार गोळा करून माझ्या टेबलावर ठेवलीत. "हे काय हाय, सुरेखा?" मी म्हणाले, तांबं. "न्हाई. ही तुझी घाई हाय." आठवडाभर तो गोळा तिथंच होता. दुसऱ्या मुली डबा खाताना त्याच्याकडं बघून हसायच्या. मी आजपर्यंत परत न मोजता तार कापली नाही.

मग एक दिवस पत्र आलं. निधीअभावी केंद्र तूर्त स्थगित. 'तूर्त' ह्या शब्दाखाली तुम्ही दोनदा रेघ मारलीत. तुमची नोकरी संपत आली होती, आण्णा. दुसरा कुणी असता तर नातवंडं खेळवत बसला असता. तुम्ही पिशवी उचललीत आणि गावोगाव फिरायला लागलात, आणि मलाही ओढलंत. ग्रामसभेत उभं राहायचं, ठराव करून घ्यायचा, सह्या गोळा करायच्या, अर्ज लिहायचा. अर्जाच्या दोन प्रती. एक त्यांना, एकावर पोच. शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक. साताऱ्याच्या त्या कार्यालयातला क्लार्क म्हणायचा, "ठेवून जा आण्णा, मी बघतो." तुम्ही बाकावर बसायचात. "बघा. मी बसलोय." पाण्याची बाटली काढायचात, चिवडा काढायचात. मला म्हणायचात, "पोच घेतल्याशिवाय उठायचं न्हाई. कागद दिला आन् पोच न्हाई, म्हंजे कागद दिलाच न्हाई." शेवटी त्यालाच वैताग यायचा आणि ठप्पा पडायचा. तुमच्या घरी त्या पोचांची जाड फाइल आहे. काकू म्हणतात, माझ्या लग्नाचे फोटोबी एवढे जपले न्हाईत.

जतवरून आपण भांडलो तेही लिहिते. मी म्हणाले, आपलं उंब्रजचं बंद पडलंय, ते बघू की, तिकडं दुसऱ्या जिल्ह्यात, सांगलीच्या टोकाला कशाला मरायला जायचं? तुम्ही म्हणालात, "एका केंद्रासाठी मागितलं की त्यांना भीक वाटती. दोन जिल्ह्यांतनं मागितलं की त्यांना भ्या वाटतं." आणि एसटीत बसलात. मी मागून चढले, तोंड फुगवून. तिकडं ऊन असं की चप्पल रस्त्याला चिकटत होती. पारावर बायका बसल्या होत्या टँकरची वाट बघत. तुम्ही मोटर शिकायचं सांगितलं तशी एक उंचीपुरी बाई खदाखदा हसली. "आण्णा, नीरू इल्ला! पाणीच न्हाई, मोटर काय चाटायची?" मी मनात म्हणाले, बरं झालं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "तुमचा टँकर कशानं भरतो?" "हिरीवरच्या मोटरीनं." "ती मोटर जळल्यावर?" बाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "चार-चार दिस टँकर येत न्हाई." "आन् दुरुस्त करणारा कुठं असतो?" तिनं सांगलीच्या दिशेला हात केला. ती नीलव्वा. त्या दिवशी पारावरच्या सगळ्या बायकांच्या सह्या तिनंच घेतल्या, ज्यांना येत नव्हती त्यांचे अंगठे स्वतः धरून उठवले. येताना एसटीत मी तुमच्याशी बोलले नाही, कारण तुमचं बरोबर होतं.

आता सत्कार.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. पूर्वी सभापती होता, पद गेलं तरी लोक सभापतीच म्हणतात. कामांची यादी अजून त्याच्या खिशातून जाते, कुठल्या केंद्राला निधी आणि कुठल्याला ठेंगा, तो ठरवतो. त्यानं तुम्हाला 'आदर्श प्रशिक्षक' म्हणून स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ, फेटा. तुम्ही सगळे ठराव, उंब्रजच्या सह्या, जतच्या सह्या, वर तुमचा लाल शाईतला अर्ज, असा गठ्ठा करून नेलात आणि स्टेजवरच दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिलात. टाळ्या पडल्या. फोटो निघाले. मी खाली बसून वाट बघत होते, तुम्ही दुसरी प्रत कधी काढताय. ती तुमच्या पिशवीतच राहिली.

खाली आल्यावर मी विचारलं, पोच? तुम्ही फेटा सावरत म्हणालात, "सत्काराला गेल्यालं माणूस पोच मागतंय व्हय? वाईट दिसतं. त्यानं दोन्ही हातांनी घेतलाय अर्ज."

भीड, आण्णा. क्लार्कपुढं चिवडा खात बसणारा माणूस एका शालीपुढं भिडस्त झाला. आपल्या माणसांची ही खोडच आहे. शिव्या घातल्या तर आपण वाघ, आणि खांद्यावर शाल टाकली की शेळी.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. वर्षाचा आराखडा झाला, त्यात केंद्र नाही. आपण विचारायला गेलो तर कार्यालयातून लेखी आलं, असा कोणताही अर्ज आवक नोंदवहीत आढळून येत नाही. सभापतीला फोन केला तर म्हणाला, "आण्णा, मला कवा दिला हो तुमी कागद?" अन् केंद्राच्या खोल्यांचा काय उपयोग झाला? त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स ठेवायला. जिथं मी पहिली कॉइल भरली तिथं त्याचं हसरं तोंड गुंडाळून ठेवलेलं.

त्या दिवशी तुमच्या ओट्यावर उभी राहून मी बोलले. "आवं आण्णा, आख्ख्या तालुक्याला पोच घ्यायला शिकवलं, आन् तुमालाच पोच न्हाई!" शब्द तुमचाच होता, मी उलटा करून मारला. तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. काकू आतनं म्हणाल्या, सुरेखा, च्या घेऊन जा. मी गेले नाही आत. तीन आठवडे तुमच्या दारावरून गाडी नेली आणि थांबवली नाही. मी मनाशी ठरवलं होतं, तुम्ही दुकानात याल, 'चुकलं बया' म्हणाल, मग मी बोलेन.

मग एका सकाळी तुम्ही अंघोळ करून चहा मागितलात आणि चहा येईपर्यंत गेलात.

सभापतीनं तुमच्या अंगावर घालायला हार पाठवला, रिबिनीवर स्वतःचं नाव छापलेला. काकूंनी तो बाजूला ठेवला. मी म्हणाले, ती सत्काराची शाल कुठाय, तीबी परत करू. काकू म्हणाल्या, "ती शाल? आगं, त्या शालीनं मी शेगडी पुसती, कवापास्नं." त्या दिवसांत मी एकदाच हसले, ते तेव्हा.

दहाव्यासाठी घाटावर सावली करायला काहीतरी हवं होतं. काकूंनी खुंटीवरची किल्ली दिली. म्हणाल्या, केंद्रातली ताडपत्री आण, कुलूप अजून ह्यांचंच हाय, दुसरी किल्ली तेवढी पंचायतीत. मी गेले. आत वार्निशचा वास अजून आहे, आण्णा, फ्लेक्सच्या वासाखाली दबलेला. ताडपत्री काढताना एक गुंडाळी माझ्या पायावर उलगडली. तुमचा फेटा दिसला. मी खाली बसले आणि सगळी उघडली.

सभापतीनंच छापून घेतला होता तो फ्लेक्स. 'आदर्श प्रशिक्षकाचा सन्मान', वर त्याचं नाव केवढंतरी, खाली तुमचं मुंगीएवढं. आणि मधोमध तो फोटो. तुम्ही देताय, तो दोन्ही हातांनी घेतोय. त्याच्या हातातला अर्ज फ्लेक्सवर परातीएवढा झालाय. तुमचा तो बोरू घासल्यासारखा लाल मथळा लांबून वाचता येतोय. विषय : मोटर रिवाइंडिंग प्रशिक्षण केंद्र पुन्हा सुरू करण्याबाबत.

पोच होती, आण्णा. चोरानं स्वतःच्या पैशानं छापून ठेवली होती. मी ती गुंडाळली, ताडपत्रीत घातली आणि कुणाला बोलले नाही. फक्त नीलव्वाला फोन केला, दहाव्याला ये म्हणून. ती पहाटेची पहिली एसटी धरून आली.

कृष्णेकाठी सगळं गाव होतं. पिंड मांडले, लोक मागं सरकले. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. तशात सभापती आला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि रिवाजाप्रमाणं श्रद्धांजलीला उभा राहिला. काय बोलला ऐका. "आण्णा म्हणजे स्वाभिमानी माणूस. आयुष्यात कधी काही मागितलं नाही. अहो, एक कागद, एक साधा कागद जरी माझ्या हातात दिला असता, तर हे केंद्र मी बंद पडू दिलं असतं का?" आणि रुमाल डोळ्याला लावला.

मी नीलव्वाकडं बघितलं. तिनं एक टोक धरलं, मी एक धरलं आणि त्याच्या पाठीमागं फ्लेक्स ताणून उभ्या राहिलो. बोलत होता तो बोलतच होता. समोरची माणसं त्याच्याकडं बघायची सोडून वर बघायला लागली. तुमचे मित्र, ते निवृत्त सुभेदार, पुढं आले आणि परेडच्या आवाजात वाचायला लागले. "विषय! मोटर रिवाइंडिंग! प्रशिक्षण केंद्र!" मी म्हणाले, "सभापती, जरा मागं बघा. कुणाचं हात हायत ते सांगा."

त्यानं बघितलं. आण्णा, तुम्ही असता तर तुम्हाला त्याची दया आली असती. मला नाही आली. मला गोड वाटलं. खोटं कशाला लिहू? तुमच्या दहाव्याला, तुमच्या पिंडाशेजारी उभी राहून मला गोड वाटलं.

"कार्यक्रमात लय कागद येत्यात," तो म्हणाला. "पीएकडं दिला असंल. बघतो मी." सुभेदार म्हणाले, "बघतो न्हाई. लिवा." मी पिशवीतून अर्जाची प्रत काढली. "ही दुसरी प्रत. पोच द्या." तो लाल झाला. "आगं, जागा कंची, येळ कंची? मयताच्या ठिकाणी असं करत्यात व्हय?" तेवढ्यात काकू बोलल्या. दहा दिवसांत त्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. "सभापती, झाडावर कावळा बसून हाय, दिसतोय न्हवं? ह्यांची एकच इच्छा राहिलीया. ती तुमच्या खिशातल्या पेनात हाय. मला घरला जायचंय."

त्यानं खिशातलं पेन काढलं. सुभेदार वाकले, पाठ दिली. त्यांच्या पाठीवर कागद ठेवून त्यानं नुसती सही केली. मी म्हणाले, "नुसती न्हाई. 'अर्ज मिळाला' लिवा. तारीख. नाव. हुद्दा." त्यानं हुद्द्याच्या जागी 'सभापती' लिहिलं, मी 'माजी' घालायला लावलं. त्याच वेळी मागं गलका झाला, शिवला, शिवला म्हणून. कावळा कधी उतरला, कुठल्या पिंडाला शिवला, मी बघितलंच नाही. मी सही बघत होते.

सोमवारी साताऱ्याला जाऊन आवक क्रमांक घेतला. नीलव्वानं सांगलीत घेतला. क्लार्क म्हणाला, प्रकरण विचाराधीन आहे. मी बाकावर बसले, चिवडा काढला. "करा विचार. मी बसलेय." आता दर सोमवारी दुकानाला कुलूप लावून जाणार. आणि तो फ्लेक्स धुऊन माझ्या दुकानाच्या भिंतीवर हायवेकडं तोंड करून लावलाय. सभापतीची गाडी रोज तिथनंच जाते. त्याचा माणूस येऊन म्हणाला, ताई, जुना झालाय, काढून टाका. मी म्हणाले, केंद्राचं कुलूप निघालं की त्याच दिवशी काढते, तोवर ऊन-पाऊस खाऊ दे. तुम्ही म्हणाला असतात, सुरेखा, राग कामाला लाव, माणसाला लावू नको. मी दोन्हीला लावलाय. ह्यावरून भांडायचं असेल तर भांडा, पण मी भिंतीवरनं काढणार नाही.

आता एकच राहिलं, आणि ते सभापतीवर ढकलता येत नाही.

घाटावर त्यानं सही केली ती प्रत कुठून आली, हे मी वर लिहिलं नाही. दहाव्याच्या आदल्या दिवशी काकूंनी तुमची फाइल दिली. सत्काराच्या वेळची प्रत शोधत होते, ती सापडली नाही. सापडला एक नवाकोरा अर्ज, दोन प्रतींत. तारीख मी दारावरून गाडी नेत होते त्या तीन आठवड्यांतली. लाल मथळा तसाच, फक्त अक्षर थोडं हललेलं. आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक लिहिलेलं, 'देण्यापूर्वी सुरेखाला दाखवणे.'

तुम्ही वाट बघत होता, आण्णा. मीबी बघत होते. दोघंबी आपापल्या ओट्यावर.

मी म्हणाले होते तुम्हाला पोच नाही. ते मी मागे घेतेय. तुमच्या पद्धतीनं, लेखी, दोन प्रतींत लिहिलंय, मथळा लाल. एक प्रत काकूंसमोर तुमच्या फोटोखाली ठेवली. दुसरी हातात धरून मी समोर बसलेय, आणि काकू विचारतात, आता कशाची वाट बघतीस गं?